वजें चाललं पणजीला

"रेडिओर परत सांगलां," सुमंगला म्हणाली. "आज आनी फाल्यां पणजेच्या नदींत होडी घालूंक बंदी. भायल्या देशाची मोठी माणसां येतत खंय. तुमी आपलो टेंपो सांगा."

डिचोलीच्या बाजारात नारळ-गुळाचं दुकान चालवणारे कृष्णनाथ शेट त्या वेळी अंगणात उभे राहून पाट्यांवर लाल फडकी बांधून घेत होते. बायकोकडे न बघताच त्यांनी तिला समजावलं, की बंदी असते ती वाहतुकीला. वाहतूक म्हणजे खनिजाच्या बार्जी, रेतीच्या होड्या, मासळी. वजें म्हणजे काय माल आहे? चवथीचं वजें अडवणारं सरकार या गोव्यात अजून जन्माला आलेलं नाही. पोर्तुगीजांनी अडवलं नाही, आणि हे तर आपलंच सरकार. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई अशा वेळी बोलत नाही, नंतरसाठी राखून ठेवते.

आता वजें म्हणजे काय ते सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला लेकीच्या सासरी माहेराहून नेवऱ्या, लाडू, नारळ, केळी, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, असं जे पाट्या भरभरून जातं, ते वजें. नेवऱ्या म्हणजे करंज्याच, पण वज्यात त्यांचा मान सगळ्यांत मोठा. गणपती मखरात बसायच्या आत वजें पोचायला हवं, मग सासरच्यांनी ते वाड्यावर घरोघर वाटायचं. त्या वाटपावर लेकीची सासरची पत ठरते. एकदा ठरली की ठरली. पुढे तिने सोन्याचा सूर्य उगवून दाखवला तरी शेजारणी म्हणणार, सगळं खरं गं, पण वजें कसं आलं होतं आठवतंय ना?

कृष्णनाथांची एकुलती एक लेक शेवंती मे महिन्यात पणजीला दिली होती, मळा नावाच्या वाड्यात, खाडीच्या काठच्या घरात. विहीण सुलोचनाबाय ही कमी बोलणारी बाई. लग्नाच्या पंगतीत सगळं चाखून ती "बरें आसा" एवढंच म्हणाली आणि कृष्णनाथांना ते झोंबलं. त्या तिरमिरीत ते बोलून गेले, की आमच्या आज्याच्या काळात वजें होडीतून जायचं, शेवंतीचंही तसंच येईल, थेट तुमच्या दारातल्या खाडीत. विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि अख्ख्या मळ्याला सांगितलं. नागपंचमीला माहेरी आलेली शेवंती रडवेली होऊन म्हणाली, शेजारच्या प्रभावतीबायच्या सुनेचं वजें मॅटाडोर गाडीतून आलं होतं, ती बाई अजून त्या मॅटाडोरची आरती ओवाळते. आता सगळा वाडा खाडीवर येऊन उभा राहणार आहे.

"बाबा, होडयेन म्हटलां तर होडयेनच हाडा," ती म्हणाली. "ना जाल्यार माका थंय तोंड दाखवूक जागो उरचो ना."

मग टेंपो कसला सांगताय? शिवाय मांडवीवरचा पूल कोसळल्यापासून पणजीला जायचं म्हणजे बेतीला फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं. चवथीच्या आदल्या दिवशी त्या रांगेत टेंपो घातला, तर पणजीला पोचेपर्यंत गणपतीचं विसर्जन व्हायचं.

होडी धाकूची. धाकू मूळचा आरोंद्याकडचा, रेती काढायचा धंदा, पावसाळ्यात रिकामाच. त्याने होडी धुऊन, केळीचे खांब बांधून, इंजिनाला हार घालून तयार ठेवली होती. पाट्या चढल्या. देवासमोर ठेवायच्या नेवऱ्यांची छोटी पाटी वेगळी, ती कृष्णनाथांनी मांडीवर घेतली. शेवटी चढला तो जावयासाठी घेतलेल्या फटाक्यांचा पत्र्याचा डबा. पावसाने भिजू नये म्हणून सुमंगलेने त्याच्या झाकणाला मेण लावून तो बंद केला होता. नारळ फोडला आणि भर ओहोटीला होडी निघाली.

कृष्णनाथांना त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं होतं. पाऊस उघडलेला, दोन्ही काठ हिरवेगार, आणि मधून लाल फडक्यांचं वजें चाललंय. धाकूने एकदा हळूच म्हटलं, की नदीत आज आपल्याशिवाय कोणी दिसत नाही. कृष्णनाथ म्हणाले, लोकांना हौस राहिली नाही रे.

होडी मांडवीत शिरली, दिवाडीचं बेट मागे पडलं, आणि समोरून पोलिसांची लाँच आली. लाँचीवर फौजदार उभे होते, पांडुरंग त्यांचं नाव. त्यांनी होडी बाजूला घ्यायला लावली आणि बोलण्यात वेळ न घालवता परत फिरायला सांगितलं.

"फौजदारसायब, तुमी खंयचे?" कृष्णनाथांनी विचारलं.

"पेडण्याचो. कित्याक?"

"मग तुमीच सांगा. लेकीचें पयलें वजें आसा. घराभायर पडलेलें वजें परत घरा व्हरपाचें?"

परत फिरा म्हणून उचललेला पांडुरंग फौजदारांचा हात खाली आला. उंबरा ओलांडलेलं वजें माघारी आणू नये, हे पेडण्याच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. त्यांची स्वतःची बायको घरी गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होती आणि ते इथे नदीची राखण करत होते. परत पाठवावं तर पाप, पुढे सोडावं तर नोकरी. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, की पाहुण्यांची नदीतली फेरी दुपारपर्यंत संपेल. तोवर होडी त्या कांदळीच्या झाडांत लावून गप बसा. मी तुम्हाला बघितलेलं नाही.

"होडयेंत दुसरें कांय ना मूं?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"देवाचें सोडून कांय ना," कृष्णनाथ छाती फुगवून म्हणाले.

लाँच गेली. होडी झाडांत लागली. सगळं सुरळीत झालं असतं, पण धाकूला विचार करायला वेळ मिळाला.

"शेटानु," तो म्हणाला, "आणि तो दारवेकामाचो डबो?"

कृष्णनाथांनी डब्याकडे वळून बघितलं. परदेशचे पाहुणे, नदीला पहारा, आणि आपण चांगला मोठा डबाभर फटाके घेऊन झाडीत लपून बसलोय. वर फौजदाराला देवाची शपथ घातल्यासारखं सांगितलंय की काही नाही. तो बिचारा परत आला आणि त्याने फडकं उचललं तर? आपण तुरुंगात, वजें पोलीस ठाण्यात, आणि लेक खाडीच्या काठावर वाट बघत उभी. त्यांनी मागचा-पुढचा विचार केला नाही. डबा उचलला, हात जोडले.

"माये मांडवी, जांवयाचें हें तूंच घे," असं म्हणून त्यांनी तो नदीत सोडला.

डबा बुडाला, आणि लगेच वर आला. मेण सुमंगलेने लावलं होतं, तिचं काम कधी कच्चं नसतं. पाण्यावर एकदा गिरकी घेऊन डबा ओहोटीला लागला आणि सरळ पणजीच्या दिशेने निघाला. दोघंही बघत राहिले. पुढे पणजीचा धक्का, धक्क्याला पाहुण्यांची बोट. नदीतल्या सगळ्या वाहतुकीला बंदी, आणि आपला डबा तेवढा ऐटीत चाललाय.

शहाण्या माणसाने अशा वेळी डोळे मिटून रामाचं नाव घेतलं असतं. कृष्णनाथ म्हणाले, "धाकू, इंजीन चालू कर."

धाकूने हात जोडून सांगितलं, की शेटानु, जाऊ द्या, डब्यावर काय आपलं नाव लिहिलेलं नाही. पण कृष्णनाथांना धीर कुठला? त्यांच्या डोळ्यांसमोर डबा फुटत होता, पाहुणे आकाशात उडत होते आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत शेवंतीच्या बापाचा फोटो छापून येत होता. होडी झाडांतून बाहेर पडली आणि डब्यामागे सुटली.

ती शर्यत ज्यांनी बघितली ते अजून सांगतात. डबा पुढे, होडी मागे. कृष्णनाथ नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, पालथे पडून छत्रीच्या मुठीने डबा ओढायला बघायचे. मूठ लागली की डबा फिरकी घेऊन हातभर लांब जायचा. "वाकां नकात, शेटानु, होडी उलाटतली," असं धाकू मागून सारखं बजावत होता. रायबंदरच्या पाट्यावर, म्हणजे नदीकाठच्या बांधरस्त्यावर, माणसं जमली आणि हात हलवू लागली. ती 'मागे फिरा' म्हणत होती. कृष्णनाथांना वाटलं, वजें बघून आनंदली आहेत. एवढ्या गडबडीतही त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी पडल्या पडल्या एक हात हलवला.

कोसळलेल्या पुलाचे खांब आले आणि शिट्ट्या सुरू झाल्या. डावीकडून एक लाँच, उजवीकडून दुसरी, धक्क्यावरून भोंग्यातून कोणीतरी हिंदीत ओरडतंय. धाकूने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात वर केले. आणि नेमक्या त्याच क्षणी छत्रीची मूठ डब्याच्या कडीत अडकली. कृष्णनाथांनी डबा ओढून घेतला, होडीत उभे राहिले आणि आनंदाच्या भरात तो दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून म्हणाले, "गावलो रे, गावलो!"

दोन्ही लाँचींवरची, धक्क्यावरची, पार मागच्या रस्त्यावरची माणसं एकदम पालथी पडली. इतक्या लोकांनी आपल्याला एका वेळी दंडवत घातलेलं कृष्णनाथांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. नक्की काय झालं ते कळायला त्यांना जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते मटकन केळींच्या घडावर बसले.

पुढचं सगळं धक्क्यावर घडलं. पाहुण्यांची बोट थांबवली होती. डबा वाळूच्या पोत्यांमागे ठेवून एका माणसाने लांब काठीने त्याचं झाकण उचकटलं. मेणाने त्यालाही घाम फोडला. शेवटी झाकण उडालं आणि आतून फुलबाज्या, भुईनळे आणि लवंगी फटाक्यांच्या माळा निघाल्या, सगळ्या कोरड्या ठणठणीत.

बंदोबस्तासाठी दिल्लीहून आलेला एक साहेब होता, उंच, मिशाळ, तोंडावर हसू म्हणून नाही. त्याने फुलबाज्यांकडे बघितलं, मग कृष्णनाथांकडे, मग पांडुरंग फौजदारांकडे. फौजदारांचं तोंड ताकासारखं पांढरं झालं होतं. आपल्याला येत होतं तेवढं हिंदी गोळा करून त्यांनी वजें, चवथ, विहीण, जावई सगळं समजावलं. साहेबाला त्यातलं एकच पटलं. जो माणूस डब्यात दारू भरून त्याला मेण लावतो, त्याच्या बाकीच्या वस्तू उघडून बघायला हव्यात. त्याने एक लाल फडकं दूर केलं. आत नेवऱ्या, शिगोशीग रचलेल्या. सगळ्या बाजूंनी मुडपून बंद केलेल्या, आत काहीतरी भरलेलं.

"सब खोलो," साहेब म्हणाला.

"सायब, सगळें करा, पण त्यो मोडूं नाकात," कृष्णनाथ अक्षरशः पाया पडायला गेले. "मोडलेलें वजें खंयच्या तोंडान व्हरूं?"

पण हुकूम सुटला होता. शिपायांनी पाट्या ओळीने मांडल्या आणि कामाला लागले. सरकारी माणसाला एरवी काम सांगितलं तर ते उद्यावर जातं. त्या दिवशी मात्र काय अंगात आलं होतं कोण जाणे. कट, कट, कट. एकेक नेवरी मधोमध मोडायची, आत बघायचं, बाजूला ठेवायची. सुमंगलेने आणि तिच्या जावांनी घामाघूम होऊन तळलेल्या नेवऱ्या. कृष्णनाथ धक्क्यावर फतकल मारून बसले आणि खरंच रडले. नेवऱ्यांसाठी नाही, लेकीसाठी. पांडुरंग फौजदार तेवढ्यात पुढे झाले. देवाची छोटी पाटी उचलून त्यांनी आपल्या रेनकोटाखाली घेतली आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, ही मी स्वतः तपासली.

साहेबानेही एक नेवरी मोडली होती. आतलं खोबरं बोटाने उकरून बघताना वेलचीचा वास आला. त्याने वास घेतला, परत घेतला, आणि अर्धी नेवरी तोंडात टाकली.

"अरे," तो म्हणाला, "ये तो गुजिया है."

त्याची आई होळीला करायची म्हणे, अगदी अशीच. ती जाऊनही बरीच वर्षं झाली होती. साहेबाने उरलेली अर्धी खाल्ली, मिशा पुसल्या आणि शिपायांना म्हणाला, बस करो. शिपाई म्हणाले, हो गया साब. एकही अख्खी नेवरी उरली नव्हती.

आता या वज्याचं करायचं काय? होडी परत पाठवावी तर हा माणूस वाटेत आणखी काय नदीत सोडेल याचा भरवसा नाही. धक्क्यावर ठेवावं तर पाहुणे यायचे. साहेबाने मार्ग काढला. धाकूला होडीसकट संध्याकाळपर्यंत इथेच बसवा, चहा द्या, आणि हे सगळं सामान घेऊन आपली लाँच या माणसाला त्याच्या मुलीच्या दारात सोडून येऊ दे, म्हणजे एकदाची नदी मोकळी होईल.

अशा रीतीने कृष्णनाथ शेटांचं वजें पोलिसांच्या लाँचीतून मळ्याच्या खाडीत शिरलं. पुढे झेंडा, भोंगा, दोन बंदूकवाले शिपाई. खाडीच्या दोन्ही काठांवर सगळा वाडा लोटला होता. त्या दिवशी पणजीच्या पाण्यात एक काडी हलायला बंदी होती, आणि मळ्यातल्या एका सुनेचं वजें मात्र भोंगा वाजवत येत होतं. शेवंती पुढे उभी होती, तिचा चेहरा फुलला होता. कृष्णनाथांना ते बघवेना. आता फडकं उचललं की संपलं.

पाट्या ओसरीवर लागल्या. सुलोचनाबाय पुढे आल्या, त्यांनी फडकं उचललं. आत नेवऱ्यांची अर्धुकं, सारण सांडलेलं.

"आगे बाय," प्रभावतीबाय मान लांब करून म्हणाल्या, "ह्यो सगळ्यो मोडल्यो कश्यो? आमच्या सुनेचें मॅटाडोरांतल्यान आयलें, पण एक नेवरी हालूंक ना."

शेवंतीने मान खाली घातली. तेव्हा पांडुरंग फौजदार पायरी चढून आले. त्यांनी रेनकोटाखालची पाटी काढून विहीणबाईंच्या हातात दिली आणि टाचा जुळवून सांगितलं, की ह्या देवाच्या, अख्ख्या. बाकीच्या दिल्लीच्या साहेबाच्या हुकमाने एकेक उघडून तपासल्या आहेत. साहेबाने स्वतः खाऊन बघितलं, सगळं चोख आहे.

सुलोचनाबायनी फौजदारांकडे बघितलं, लाँचीकडे बघितलं, काठावरच्या गर्दीकडे बघितलं. मग सावकाश प्रभावतीबायकडे वळल्या.

"आयकलें मूं?" त्या म्हणाल्या. "मोडल्यो न्हय, तपासल्यो. आमच्या व्याह्याचें वजें दिल्लीच्या सायबान चाखून धाडलां. तुज्या सुनेचें कोणे तपासलां गे?"

वाटप सुरू झालं तेव्हा प्रभावतीबायनी आपल्या वाट्याला एक जास्तीचं अर्धुक मागून घेतलं. शेवंती दाराच्या चौकटीला टेकून बापाकडे बघून हसली. फटाके मात्र सरकारजमा झाले. जावयाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मुलगा गुणी होता.

पुढच्या वर्षी वजें पहिल्याइतकं मोठं नसतं, पण थोडं जातंच. कृष्णनाथांनी नदीचं नाव काढलं नाही. आदल्या रात्रीपासून जाऊन बेतीच्या रांगेत टेंपो उभा केला. एकेक नेवरी कागदात गुंडाळून चुरमुऱ्यांवर निजवली होती. खड्डा आला की ते ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवायचे. मळ्यात पोचले तेव्हा एका नेवरीची कडसुद्धा दुखावलेली नव्हती. त्यांनी मोठ्या अभिमानाने स्वतः फडकं उचललं.

सुलोचनाबायचा चेहरा उतरला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "ह्यो अख्ख्यो?"

कृष्णनाथांना कळेना. तेव्हा विहीणबाईंनी त्यांना, कमी समजणाऱ्या माणसाला सांगतात तसं हळूहळू सांगितलं, की आमच्या वाड्यावर वज्यातल्या नेवऱ्या मोडून वाटायची चाल आहे. देवाच्या तेवढ्या अख्ख्या. काल खालच्या घरच्या सुनेचं वजें आलं, तेही मोडूनच आलं, माणसं रीतभात बघून वागतात. शेवंती मागे उभी राहून बापाला डोळ्यांनी खुणावत होती, की बाबा, आता वाद घालू नका.

"पण ही चाल केन्नाची?" कृष्णनाथांनी न राहवून विचारलं.

प्रभावतीबाय शेजारीच बसून मखराला लावायचे हार ओवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आमच्या सासवेच्या काळापासून," त्या म्हणाल्या.

कृष्णनाथांनी टोपी काढून बाजूला ठेवली, ओसरीवर मांडी घातली, कागद सोडवला आणि पहिली नेवरी मधोमध मोडली. सुलोचनाबाय समोर बसून प्रत्येक अर्धुक उचलत होत्या, आत नीट बघत होत्या, आणि मगच पाटीत ठेवत होत्या.